मागून आलेला बुखारा

दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरच्या अमरसिंगांनी उभी हयात एसटी चालवली, पण हौसेनं कुठं गेले नाहीत. निवृत्तीनंतर मुलानं, बादलनं, आईबापांसाठी उझबेकिस्तानची सहल ठरवली. विमानाचं नाव ऐकताच रुपीबाईनं कानावर हात ठेवले.

"तुमी जा," ती नवऱ्याला म्हणाली. "पण फोनवर तुमी 'जेवली का' एवढंच इचारता. मले पत्र लिहा. काय पाह्यलं, सारं लिहा."

अमरसिंग गेले आणि आठवड्यात परतलेही. पत्र एकही आलं नव्हतं. "कसं होतं?" असं तिनं विचारलं, की "चांगलं होतं" म्हणून ते बैलांना पाणी पाजायला निघून जात. रुपीबाई हिरमुसली.

मग कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी पोस्टमन दारात उभा राहिला. पाकिटावर निळ्या घुमटाचं तिकीट होतं. सून रंजिता वाचू लागली, तसे बाजेवर बसलेले अमरसिंग उठले.

"कुठं चालले?" रुपीबाईनं विचारलं.

"विहिरीवर."

पत्रात लिहिलं होतं, "रुपी, बुखाऱ्यात एक जुनी सराय आहे. मधे चौक, भोवती ओवऱ्या. उंटांचे काफिले इथं उतरत. मले तं आजोबाची लदेणी, माल लादलेल्या बैलांची रांग, दिसून राह्यली होती, मिठाच्या गोण्या अन् बैलांच्या गळ्यातल्या घंटा. एक बाई लाल धाग्यानं कापड भरत होती. तिनं मान वर केली, तं वाटलं, तूच हायेस."

रुपीबाई डोळे मिटून ऐकत राहिली. अंगणातल्या कापसाच्या ढिगावर ऊन कलत होतं आणि तिला तो ढीग पांढऱ्या डोंगरासारखा वाटू लागला. डोंगरापलीकडं घंटा वाजत होत्या.

त्यानंतर तिकडून टाकलेली, टपालात रखडलेली पत्रं येत राहिली, तीही उलटसुलट. एकात अमरसिंग परतीच्या विमानाची वाट पाहत, तर पुढच्यात नुकतेच उतरलेले असत. समोर ते कडबा टाकत असायचे आणि कागदावर समरकंदच्या बाजारात खरबुजं हुंगत हिंडायचे. या माणसाजवळ एवढं बोलणं होतं, हे तिला संसारात कधी कळलंच नव्हतं. ती त्यांच्याकडं चोरून पाहू लागली.

एका पत्रात शेवटी लिहिलं होतं, "इथं लय सुंदर आहे, पण दाखवू कोणाले?"

त्या संध्याकाळी भाकरी वाढताना ती म्हणाली, "बादलले माह्या पासपोर्टाचं सांगा."

"अन् विमान?"

"डोळे मिटून बसन."

अमरसिंगांनी ताटातली भाकरी संपवली. मग पाणी प्यायले आणि सरायच्या दारात शिरल्यावर पहिल्यांदा काय दिसतं, ते तिला सांगू लागले.