आईचे रविवार

आईला जाऊन दोन महिने झाले. तिची ट्रंक आवरताना पांढऱ्या साड्यांच्या घडीखाली तिचं नोकरीच्या दिवसांतलं प्रार्थनापुस्तक सापडलं. रविवारची पानं कोरी करकरीत होती. कारण मला ठाऊक आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आई सोलापुरातल्या एका प्रसूतिगृहात नर्स होती. गर्भपाताला परवानगी देणारा कायदा नुकताच लागू झाला होता आणि तिथे त्यासाठी एक खोली ठरली होती. प्रत्येक सिस्टरची तिथे पाळी लागायची. आमचा कॅथलिक धर्म याला मान्यता देत नाही, दुसरं कुठलंही काम द्या, असं आईने मेट्रनबाईंना सांगितलं. मेट्रनबाई रागीट, पण सरळ. तुमची पाळी घेणारी तुम्हीच शोधा, म्हणाल्या. घेणाऱ्या मिळाल्या, त्यांना बदल्यात रविवारची सुट्टी हवी होती. आईने आपले रविवार दिले आणि तिची मिस्सा, म्हणजे रविवारची चर्चमधली उपासना, सुटली.

वडील कुर्डुवाडीला रेल्वेत, म्हणून मी एकटीच चर्चला जायचे. दुपारी आई घरी आली की गरम पाण्यात पाय सोडून बसायची आणि विचारायची, "आज काय वाचलं?" मी शुभवर्तमान सांगायचे, फादरांचा उपदेश सांगायचे, विसरलेलं मनाने जोडायचे. ती डोळे मिटून ऐकायची. मग आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायचो. लक्ष देऊन वाचायची, ऐकायची सवय मला तिथेच लागली.

त्या दिवसांत भिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवलेले असायचे. फादर उपदेशात सरकारवर बोलू लागले की पुरुषांच्या बाजूला चुळबुळ व्हायची. आपण मूठभर माणसं, आपल्या मताला कोण विचारतो, असं बाहेर पडताना कुणीतरी म्हणायचंच.

एका रविवारी शेजारच्या बाकावरच्या मावशी हळूच म्हणाल्या, "तुझी आई आता त्या खोलीत असते म्हणे. म्हणून तोंड दाखवत नाही होय?"

मला राहवलं नाही. खरं काय ते मी सगळं सांगून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात फादर घरी आले. मी सांगितलेलं मावशींनी गावभर केलं होतं. आईने महिला मंडळापुढे उभं राहून त्या खोलीत काय चालतं ते सांगावं, अशी फादरांची इच्छा होती. लोकांचे डोळे उघडतील, म्हणाले. आई चहा गाळत होती.

"फादर, परवा तिथून बाहेर आलेल्या बाईला मीच चहा दिला. तिला चालवत नव्हतं, सात रस्ता चौकापर्यंत सोडून आले. तिचं मी मंडळात सांगू?"

"तिचं नाव कुठे घ्यायचंय?"

"नाव नाही घेतलं तरी ती तीच की."

चहा निवला. मग फादरांनी आईला आशीर्वाद दिला आणि सायकल घेऊन गेले. मंडळातल्या बायकांना मात्र राग आला. बोलायला नाही म्हणते म्हणजे काहीतरी असणारच, असं पुन्हा सुरू झालं. मी रडले. आई एवढंच म्हणाली, "आता कुणाला काही सांगायला जाऊ नकोस." पुढे नोकरी संपल्यावर तिचे रविवार मोकळे झाले, तरी चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावरच बसायची.

तिच्या अंत्यविधीला त्याच शेवटच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू. केव्हा उठायचं, केव्हा गुडघे टेकायचे, हे तिला कळत नव्हतं. इतरांकडे बघून ती जरा उशिराच उठत होती. शेवटी शवपेटीवर फूल ठेवून तिने माझा हात धरला. "लई मायाळू होती," म्हणाली.

मी मान हलवली. तुम्ही कोण, कुठल्या, असं मी तिला विचारलं नाही.