पोटरीवरचा चट्टा

बारावीच्या वर्षी माझ्या पोटरीवर सायलेन्सरने भाजल्याचा चट्टा उमटला आणि आईची झोप उडाली. संतपुरात तेव्हा मोटारसायकली बोटावर मोजण्याइतक्या. एक आमच्या अप्पांची, एक शेजारच्या शेतातल्या मुलाची. तो उदगीरला कॉलेजात होता. अप्पांच्या गाडीला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती, म्हणजे मी त्या मुलाच्या मागे बसून हिंडते, असं आईने धरून टाकलं. बारावीनंतर गुलबर्ग्याच्या कॉलेजात जायचं ठरलं होतं, ते रद्द; परीक्षा झाली की स्थळ बघायचं.

खरं तर गाडी मला अप्पांनीच शिकवली होती, आई बाजाराला गेली की माळावर नेऊन. वर तिला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलेली. आता माझ्या गळ्याशी आलं तरी हा माणूस पेपरात डोकं घालून गप्प. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांना चहा दिला नाही.

येळअमावस्येला, म्हणजे शेतातल्या पूजेच्या सणाला, आमच्याकडे बांधावरून जाणाऱ्यालाही हाक मारून शेतात जेवायला बसवतात. आईने नेमकी त्याच मुलाला हाक मारली. पानात शेंगा-भाज्यांची भज्जी वाढली, आंबिलीचा तांब्या घेऊन समोर बसली आणि कुठे जातोस, कुणाला गाडीवर बसवतोस, विचारत सुटली. तो बिचारा उत्तराआधी वाटी तोंडाला लावायचा, ही लगेच भरायची. बघता बघता माठ रिकामा झाला आणि अर्धे पाहुणे अजून यायचे होते. दुसरा माठ घरी. येळअमावस्येला आंबील संपली म्हणजे गावभर नाचक्की.

अप्पा कडब्याच्या खोपीजवळ तोंडावर टॉवेल टाकून झोपेचं सोंग घेऊन पडले होते. टॉवेल न काढताच त्यांनी गाडीची किल्ली माझ्याकडे सरकवली.

हँडलला आंबिलीची किटली अडकवून मी परत आले, तेव्हा आई बांधावर उभी होती. मुलगा अजून पानावरच.

“त्यो तर हितंच हाय,” आई म्हणाली. “मग तुला शिकिवलं कोन?”

मी अप्पांकडे पाहिलं. टॉवेल हळूच खाली आला.

“म्या शिकिवलं. गुलबर्ग्याला एकली ऱ्हानार हाय पोर. कुनाच्या मागं बसायची येळ येऊ नये म्हनून.”

“मग मला कामून सांगितलं न्हाई?”

“तुला भ्यालो.”

आईने किटली माझ्या हातातून घेतली. पाहुण्यांना आंबील वाढली, त्या मुलालाही एक वाटी, या खेपेला मायेने. तिन्हीसांजेला मात्र रिकाम्या टोपल्या अप्पांच्या डोक्यावर देऊन त्यांना पायी पाठवलं आणि स्वतः माझ्या मागे बसली. पदर दातात, हात माझ्या खांद्यावर. तिची नखं रुतत होती, पण मी गाडी तशीच दामटली.

वेशीजवळ ती कानाशी वाकली.

“गुलबर्ग्यात येवढ्या जोरात चालवू नको,” म्हणाली.