जाईबाईंचं विघीन

जत तालुक्याच्या पार टोकाला, जिथं शेताचा एक बांध महाराष्ट्रात आणि दुसरा कर्नाटकात पडतो, अशा एका गावात जाईबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या हातची खिचडी खाऊन पहिलीत गेल्या. मिशा फुटलेला बाप्या रस्त्यात भेटला तरी त्या आधी विचारणार, "जेवलास का रं?" आणि तो नाही म्हणाला की त्यांचा जीव खालीवर होणार. कुणी उपाशी असू नये, निदान आपल्या नजरेसमोर तरी असू नये, एवढंच त्यांचं जगाकडं मागणं.

त्यांच्या स्वतःच्या जेवणाची मात्र वेगळीच कथा होती. घर काही शाकाहारी नव्हतं. रविवारी मटणाचा रस्सा झाला नाही तर त्यांच्या नवऱ्याला, धोंडिरामला, तो रविवार वाटायचाच नाही. पण काही वर्षांमागं त्यांच्या म्हशीचं रेडकू गेलं. सगळं दूध डेअरीला जायचं, त्याच्या वाट्याला उरलंसुरलं, त्यात ते टिकलं नाही. म्हैस काही पान्हा सोडेना. मग शेजाऱ्यानं पूर्वापार करतात तेच केलं. रेडकाच्या कातड्यात पेंढा भरला, काटक्यांचे पाय लावले आणि ते म्हशीपुढं उभं केलं. म्हैस त्याला चाटत राहिली आणि तिनं पान्हा सोडला. खाली चरवी घेऊन बसलेल्या जाईबाई ते बघत होत्या. त्या उठल्या, चरवी तिथंच ठेवली आणि घरात येऊन म्हणाल्या, "एका आयला फशीवलं आपण."

त्या दिवसापासून दूध, दही, तूप सुटलं. मग मटण, मासे, अंडी सुटली. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, आणि अशा खाण्याला काही नाव असतं हेही त्यांना माहीत नव्हतं.

"आता ऱ्हायलं काय? वारा आन् ऊन?" धोंडिराम म्हणाला. पुढं तो आपलं मटण आपण शिजवायला शिकला आणि, खरं सांगायचं तर, जाईबाईंपेक्षा चांगलं शिजवायला लागला.

त्यांची लेक प्रियंका लहानपणापासून टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभी राहिली होती. त्याचा सूड म्हणा, पुढं तिनं समुद्राचं पाणी गोडं कसं करायचं याचाच अभ्यास धरला. शिष्यवृत्ती मिळवून ती कोरियातल्या बुसान शहरात पोचली, आणि तिथं तिची पीएचडी झाली. पदवीच्या समारंभाला आईला बोलवायचं, हे तिनं पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. दोघांच्या तिकिटाचं जमेना तेव्हा धोंडिराम म्हणाला, "तूच जा. मला समुद्र बघून काय करायचाय? पिता येतोय व्हय?"

निघताना जाईबाईंनी कडक भाकऱ्यांची चवड बांधून घेतली, बरोबर शेंगदाण्याची चटणी. प्रियंका विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायची. तिथं चूल पेटवायची सोय नव्हती आणि पाहुण्यांना राहू देत नव्हते. तिनं आईसाठी समुद्राजवळच्या एका लॉजमध्ये खोली घेतली आणि आपणही तिथंच झोपायला आली.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. किनाऱ्यावर एक पोरगं "अप्पा, अप्पा" म्हणत पळालं तेव्हा जाईबाई दचकून वळल्या. त्यांना वाटलं, आपल्याकडचं कुणी कानडी माणूस आलंय. प्रियंकानं सांगितलं की इथंही बापाला अप्पाच म्हणतात. आणि भाताला म्हणतात बाप. "म्हंजी बापाला अप्पा आन् भाताला बाप," जाईबाई म्हणाल्या आणि दिवसभर तेवढ्यावरच हसत राहिल्या. फोनवर धोंडिरामलाही सांगितलं. तो म्हणाला, "मग आज बाप खाल्लास का न्हाई?"

भाकऱ्या संपल्या आणि हसणं कमी झालं.

समुद्रकाठचं शहर. गल्लीच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या टपांत जिवंत मासे फिरत असायचे, दोरीला वाळलेले मासे टांगलेले असायचे. प्रियंका आईला घेऊन एकेका हॉटेलात शिरायची. भाजी दिसायची छान, पण ती माशाच्या पाण्यात शिजवलेली. कोबीचं झणझणीत लोणचं आलं तेव्हा जाईबाईंना जतच्या बाजाराची आठवण झाली. त्यांनी ताटली नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली.

"जवळा हाय ह्यात," त्या म्हणाल्या. प्रियंकानं विचारून घेतलं. होता.

मग प्रियंका हॉटेलात शिरल्या शिरल्या दारातच बोलून घ्यायला लागली. आईकडं हात करायची आणि मालकिणीला अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या कोरियनमध्ये काहीतरी सांगायची. त्या गडबडीत जाईबाईंच्या हाती दोनच शब्द लागायचे. एक "मदर". तो त्यांना चांगला कळत होता, अंगणवाडीच्या भिंतीवर चित्राखाली लिहिलेला होता. आणि दुसरा "विघीन". गावाकडं विघ्नाला विघीनच म्हणतात. पोरीच्या लग्नात पाऊस आला की विघीन आलं, बस चुकली की विघीन आलं. मालकीण ऐकून घ्यायची आणि छातीपुढं दोन्ही हात फुलीसारखे धरायची. तिकडं ती नाही म्हणायची पद्धत. मायलेकी बाहेर यायच्या आणि पुढच्या दारात पुन्हा तेच. मदर, विघीन, फुली.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जाईबाईंना वाटलं, आपल्या कानाचा दोष असेल. मग दुसऱ्या दारात ऐकलं, तिसऱ्या दारात ऐकलं. कान किती वेळा चुकणार? पोरगी समारंभाच्या तयारीत, तिची धावपळ, डोळ्यांखाली काळं आलेलं, आणि आपण तिला उन्हातान्हात दारोदार फिरवतोय. पोरगी खोटं काय बोलत होती? विघीनच होतो आपण. त्यांना राग आला नाही. नुसतं पुढच्या दारात शिरताना त्या लेकीच्या एक पाऊल मागं राहायला लागल्या.

लॉजवर त्या केळी आणि भाजलेली रताळी खाऊन राहायच्या. धोंडिरामचा फोन आला की, "जेवलीस का?"

"व्हय, जेवले की," त्या म्हणायच्या. अख्ख्या गावाला जेवलास का विचारणाऱ्या बाईवर त्याच प्रश्नाला खोटं बोलायची पाळी आली होती.

समारंभाच्या आदल्या दिवशी प्रियंका फोनवर बराच वेळ बोलत होती. तिच्या सरांचा, किम सरांचा फोन होता. समारंभ झाला की ते तिला, तिच्याबरोबरच्या दोन विद्यार्थ्यांना आणि सगळ्यांच्या आईवडिलांना जेवायला नेणार होते. बोलता बोलता प्रियंका दोनदा म्हणाली, मदर आणि विघीन. जाईबाई खाटेवर बसून लुगड्याचा काठ चुरगळत होत्या.

फोन ठेवून प्रियंका म्हणाली, "आई, उद्याच्या जेवणाची काळजी करू नको. सर सगळं बघतील."

सरांपर्यंत गेलं म्हणजे. परक्या मुलखात लेकीचा सगळ्यांत मोठा दिवस, आणि मोठ्या माणसांच्या पंगतीत आपण ताट पुढं सारून बसणार. तिथंच जाईबाईंनी ठरवलं. समोर जे येईल ते खायचं. मासा असला तरी खायचा, दूध असलं तरी प्यायचं, तोंड वाकडं करायचं नाही. पोरीच्या ताटात आपलं विघीन नको.

समारंभ झाला. प्रियंकाच्या अंगावर काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी. नाव पुकारलं तेव्हा जाईबाईंनी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. हिरवं लुगडं नेसलेली ती एकटीच बाई त्या सभागृहात होती आणि प्रियंकाला ती लांबूनही दिसत होती.

जेवायची जागा डोंगराच्या उतारावर होती, खाली समुद्र. आत शिरताच कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती दिसली. जाईबाईंनी चप्पल काढून हात जोडले आणि त्यांना एकदम भरून आलं. आपला नेम मोडायचा तोही ह्याच्यासमोर, असं त्यांच्या मनात आलं. सगळे खाली बैठकीवर बसले. बुटक्या टेबलांवर वाट्यांमागून वाट्या आल्या. जाईबाईंपुढं वाफाळता रस्सा आला. त्यात काहीतरी हिरवं तरंगत होतं, पांढरे जाड तुकडे होते, आणि वास थेट समुद्राचा.

मासाच हा, दुसरं काय. जाईबाईंनी डोळे मिटले. डोळ्यांपुढं पेंढा भरलेलं ते रेडकू उभं राहिलं. "माफ कर लेकरा," त्या मनात म्हणाल्या आणि चमचा तोंडात घातला. गिळला. दुसरा घेतला. तिसऱ्या चमच्याला त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं, तरी त्या खात राहिल्या.

किम सरांनी चमचा खाली ठेवला आणि काळजीनं काहीतरी विचारलं.

"आई, सर विचारतायत, तिखट लागलं का?" प्रियंका म्हणाली.

"मला? तिखट?" जतच्या बाईचा अभिमान तेवढ्यातही जागा झाला. मग त्यांनी लेकीचं मनगट धरलं. "मोडलं गं मी. तुज्यासाठी मोडलं. आता तरी कुणाला म्हणू नगंस."

"काय म्हणू नको?"

"विघीन. दर हाटेलात सांगतीस न्हवं, मदर विघीन हाय म्हणून. बाई फुली दावती आन् आपल्याला बाहीर काढती. सरास्नी पण सांगितलंस काल. मला विंग्रजी येत न्हाई, पण मदर कळतंय की."

प्रियंका आईकडं बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचा चेहरा रडवेला झाला, आणि त्या सगळ्या पाहुण्यांसमोर तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"अगं आई, विघीन न्हवं. वीगन. जी माणसं मटण, मासे, अंडी, दूध, काहीच खात न्हाईत, त्यांना वीगन म्हणतात. मी सांगत होते, माझी आई वीगन हाय, तिला चालंल असं काय हाय का."

जाईबाईंनी लेकीचं मनगट सोडलं. एवढे दिवस पोटात घेऊन फिरलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

"माज्यासारख्या खाण्याला नाव हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय की."

"म्हंजी लय जणं हायत तसली?"

"जगभर हायत, आई."

जाईबाईंना वाटलं होतं, चरवी खाली ठेवणाऱ्या आपण एकट्याच. मग एकदम आठवून त्यांनी वाटीकडं बोट केलं. "पर हे? हे तर खाल्लं मी."

"त्यात मासा न्हाई. ते समुद्रातलं शेवाळ हाय, आणि ते पांढरं म्हणजे अळंबी. ही बौद्ध विहारातल्यासारख्या जेवणाची जागा हाय. इथं मासा न्हाई, दूध न्हाई, कांदा-लसूणसुद्धा न्हाई. सरांनी आधी माशाचं हॉटेल ठरवलं होतं. काल मी तुझं सांगितलं, तर त्यांनी ते रद्द करून सगळ्यांनाच इथं आणलं."

जाईबाईंनी समोर बघितलं. किम सर अजून काळजीत बसले होते. प्रियंकानं त्यांना सगळं कोरियनमध्ये सांगितलं. विघ्न म्हणजे काय हे समजावताना तिला बराच वेळ लागला, पण शेवटी टेबलाभोवतीची सगळी माणसं हसली, आणि सरांनी जाईबाईंकडं बघून मान लववली. जाईबाईंनीही हात जोडले. मग त्यांना जे नेहमी सुचतं तेच त्या बोलल्या.

"सर, तुमी जेवला का?"

प्रियंकानं ते सांगितलं तेव्हा सर जास्तच खूश झाले. त्यांच्याकडंही भेटल्यावर माणसं एकमेकांना हेच विचारतात म्हणे.

मग जाईबाई जेवल्या. नुसतं जेवल्या म्हणणं कमी होईल. भात संपवला, पालेभाज्या संपवल्या, रस्सा पुन्हा मागून घेतला. एका भाजीवर कसली तरी काळपट भुकटी होती. तिला कारळ्याच्या चटणीची चव होती, म्हणून तीही वाटी पुसून संपवली. वाढणारी बाई येऊन उभी राहिली तेव्हा जाईबाईंनी छातीवर हात ठेवून स्वतःच सांगून टाकलं, "मी विघीन." ती हसून मान डोलवत गेली आणि आणखी भात घेऊन आली.

धोंडिरामचा फोन तिथंच आला. "जेवलीस का?"

"जेवले," जाईबाई म्हणाल्या. "आज खरंच जेवले."

"म्हंजी कालपातूर?"

"घरी आले की सांगते. लय हसशीला."

बाहेर पडताना प्रियंकानं आईचा हात धरला होता. तिला तिथंच नोकरी मिळाली होती, दोन वर्षांची. आता वसतिगृह सोडून ती खोली घेणार होती, चूल असलेली.

"आई, पुढच्या वर्षी परत येशील का गं? का नको वाटतंय?"

जाईबाईंनी चपला पायात सरकवल्या आणि खाली पसरलेल्या समुद्राकडं समाधानानं बघितलं.

"येते की," त्या म्हणाल्या. "विघीन काय एकदाच येतंय व्हय?"