दृश्य शिखरे : सात

नाव : खीमसिंह रौतेला. वडिलांचे नाव : कै. दरबानसिंह रौतेला. वय : एकसष्ट. उंची : मध्यम. ओळखीची खूण : उजवा डोळा डाव्यापेक्षा लहान. व्यवसाय : हिमदर्शन-सेवक, श्रेणी दोन. कार्यस्थळ : दर्शनस्थळ क्रमांक तीन, देवलधार. साधन : दुर्बीण, पितळी, एक नग. दृश्य शिखरे : सात. सदर इसमाचे वर्तन समाधानकारक असून पर्यटकांनी त्याच्या सेवेचा निःशंक लाभ घ्यावा.

ओळखपत्रावर एवढंच आहे, आणि त्यातलं बहुतेक खरं आहे. श्रेणी एकचा सेवक देवलधारमध्ये कुणी कधी पाहिला नाही. खिमदाचं म्हणणं, ती जागा खुद्द हिमालयासाठी राखून ठेवली असेल. उजव्या डोळ्याबद्दल सांगायचं तर तो जन्मापासून लहान नव्हता. डावा डोळा दुर्बिणीला लावायचा आणि उजवा मिटायचा, हे बेचाळीस वर्षं केल्यावर उजव्यानं पूर्ण उघडण्याचा नाद सोडला.

मी गावच्या टपाल कचेरीत खिडकीशी बसतो. खिडकीतून दर्शनस्थळ तीनचा कठडा सरळ दिसतो. पहाटेची थंडी ओसरायच्या आत खिमदा यायचा. बायकोच्या जुन्या शालीत गुंडाळलेली दुर्बीण तान्ह्या पोरासारखी छातीशी धरलेली. ती तिपाईवर चढवायची, काच फुंकरायची, मग गुळाचा खडा दाढेत धरून बिनसाखरेचा चहा घ्यायचा. तोवर पहिली टॅक्सी यायची.

"या भाऊसाहेब, वहिनींना पुढं करा. हे डावीकडून चौखंबा. मग नंदाघुंटी. हा त्रिशूल, तीन टोकं मोजून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही. मृगथूनी. ही नंदादेवी, आमच्या गावची लेक, हिला नमस्कार करायचा. नंदाकोट. आणि ती लांब, पाच चुली मांडल्यासारखी, ती पंचचूली. पांडवांनी शेवटचं जेवण तिथं रांधलं."

"आणि एव्हरेस्ट?" असं दर तिसरा माणूस विचारायचा.

"ते नेपाळला असतं, साहेब. आज सुट्टीवर आहे."

त्याच्या बापानं दुर्बिणीबरोबर एक नियम ठेवला होता. डोंगर आपला नाही, ढगही आपला नाही. हिमाल दिसला तर पैसे घ्यायचे, नाही दिसला तर रामराम म्हणायचं. दर्शनस्थळ एक आणि दोनवरच्या लोकांना असला त्रास नव्हता. धुकं असलं की ते गोऱ्यांची दफनभूमी दाखवायचे, आणि समोरच्या टेकडीवर एका सिनेनटाचा बंगला. बंगला म्हणजे निवृत्त ब्रिगेडियर साहेबांचं कोंबड्यांचं खुराडं होतं, पण लांबून चांगलं दिसायचं. खिमदा धुक्याच्या दिवशी दुर्बीण झाकून बसायचा आणि आलेल्या माणसाला सांगायचा, "आज देवी न्हातेय. उद्या या."

बच्चीसिंह खडायत हा खिमदापेक्षा दोन वर्षांनी लहान. एकाच शाळेत, एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. पुढं बच्चीनं रस्त्याची कंत्राटं घेतली आणि रस्ते वाहून गेले तरी तो राहिला. त्यानं कठड्याच्या खालच्या अंगाला, उत्तरेला, जमीन घेतली आणि हॉटेलचा पाया खणला. नाव ठरलं 'सप्तशिखर'.

पहिल्या मजल्यानं दरी गेली. खिमदा म्हणाला, दरी काय, दरी बघायला कोण येतं. दुसऱ्यानं देवदाराचं जंगल गेलं. तिसऱ्याचा स्लॅब पडला त्या दिवशी मृगथूनी गेली आणि खिमदानं "सात"च्या जागी "सहा" म्हणायला सुरुवात केली. चौथ्यानं त्रिशूल, नंदादेवी आणि नंदाकोट एकाच आठवड्यात गेले. इमारतीला दोन्ही बाजूंनी जोडलेल्या खोल्यांनी चौखंबा आणि नंदाघुंटी झाकली. शेवटी पूर्वेच्या कोपऱ्यात पंचचूलीच्या पाचांपैकी दोन चुली उरल्या होत्या. त्यांच्यासमोर पाण्याची टाकी बसली.

मधल्या काळात आम्ही तहसील कचेरीत अर्ज केला होता. तो मीच लिहून दिला. सहा महिन्यांनी उत्तर आलं : 'आपल्या अर्जात नमूद केलेले दृश्य महसुली नोंदीत आढळत नाही. सबब त्यास अडथळा निर्माण झाला असे म्हणता येत नाही.' खिमदानं ते दोनदा वाचून घेतलं.

"म्हणजे हिमालय नाहीच?"

"कागदावर नाही."

"मग बेचाळीस वर्षं मी दाखवलं काय?"

त्यानंतर जे उरतं तेच त्यानं केलं. कचेरीत न्याय मिळाला नाही की आमच्याकडचा माणूस मुद्रांकाचा कागद विकत घेतो आणि गोलज्यूच्या देवळात जातो. गोलज्यू न्यायाचा देव. अर्ज लेखी लागतो. देवळाच्या कमानीपासून गाभाऱ्यापर्यंत हजारो अर्ज टांगलेले असतात आणि काम झालेल्यांनी बांधलेल्या घंटा. बांधावरून, सुनेवरून, बदलीवरून, सगळं तिथं.

"खिमदा, बच्चीचं नाव घालू नका," मी म्हटलं. "नुसतं लिहू, की माझा हिमाल मला परत मिळावा."

"बिननावाची तक्रार पोलीससुद्धा घेत नाहीत, पोस्टमास्साब. आणि हा तर देव आहे."

"नाव घातलं की घात लागतो."

"लागू दे. त्याला लागायलाच हवा."

नाव घालून देवाच्या दारात टाकलेल्या तक्रारीला घात म्हणतात. घात दोन्ही बाजूंनी बांधतो. ज्याच्यावर टाकला त्याच्या घरचं पाणीसुद्धा टाकणाऱ्याला चालत नाही, त्याचा उंबरा ओलांडता येत नाही. ओलांडला तर घात उलटतो, आणि उलटलेला घात कुणाला शोधतो हे घरात लहान मूल असलेल्यांना विचारावं. खिमदाच्या घरी तीन वर्षांची नात होती. हे सगळं त्याला ठाऊक होतं. मी लिहिलं : 'प्रतिवादी बच्चीसिंह खडायत, राहणार देवलधार.' त्यानं सही केली आणि अर्ज टांगून आला.

हॉटेल चालू झालं. हॉटेलच्या पाहुण्यांना 'जवळची ठिकाणं' म्हणून एक छापील यादी मिळायची : गोलज्यू देऊळ, चहाचा मळा, दर्शनस्थळ क्रमांक तीन. पाहुणे देवळात जाऊन अर्ज मोठ्यानं वाचायचे आणि फोटो काढायचे. पुण्याच्या एका कुटुंबाला खिमदाचा अर्ज फार आवडला. त्यांनी रात्रीच्या जेवणाला त्याचा फोटो बच्चीलाच दाखवला.

बच्ची चैत्रात कठड्यापाशी आला. मी खिडकीत होतो, हाक मारली म्हणून बाहेर गेलो. खिमदा टाकीकडं पाठ करून बसला होता.

"खिमदा, देवाला माझा पत्तासुद्धा दिलात. पिनकोडही टाकायचा होता."

"पोस्टमास्साब म्हणाले, देवाला लागत नाही."

बच्ची हसला, पण दूर उभा राहिला. "ऐका. माझ्या गच्चीवरून सातही दिसतात. आधी दिसायची त्याहून साफ. मॅनेजर खालच्या मैदानातला, रुद्रपूरचा आणलाय, तो सगळ्या शिखरांना एव्हरेस्ट म्हणतो. काल एका बाईंनी मला विचारलं, एव्हरेस्टला तीन टोकं कशी? तुम्ही या. गच्ची तुमची. दुर्बीण लावा, पैसे तुमचे तुम्ही घ्या, मला त्यातलं काही नको. वर चहा मिळेल."

खिमदानं दाढेतला गुळाचा खडा इकडचा तिकडे केला. मग त्यानं विचारलं, "चौखंबाही दिसतो?"

"पायथ्यापासून."

"मला तुझ्या जिन्यात पाय ठेवता येत नाही, बच्ची."

"मला माहीत नाही का ते? म्हणून तर इथं उन्हात उभा आहे."

दोघंही हसले असते तर तिथंच मिटलं असतं. पण दोघंही देवाला मानणारे होते, आणि ही अडचण कुठल्याच कचेरीत सुटण्यासारखी नव्हती.

घात उतरवायचा एकच रस्ता आहे. दोन्ही घरं एका जागरला बसतात, देव अंगात येतो, विचारतो, आणि ज्याचं चुकलं तो सगळ्यांसमोर 'माझं चुकलं' म्हणतो. मग एकमेकांच्या हातचं पाणी प्यायचं. पनुली, खिमदाची बायको, हेच धरून बसली. एका सकाळी ती मला आवाज देत आली, डोक्यावर गवताचा भारा तसाच.

"मास्साब, तुम्ही लिहिलंत ना ते? मग आता पुसा."

"भौजी, देवाकडं गेलेलं पुसता येत नाही."

"तुम्हाला शिकून एवढंच आलं? लिहिता येतं, पुसता येत नाही?" तिनं भारा उतरवून ठेवला. "हा माणूस रोज जातो आणि टाकीला पाठ दाखवून परत येतो. घरी बसा म्हटलं तर बसत नाही. रात्री झोपेत शिखरं मोजतो. सहावर थांबतो. बच्चीला म्हणावं, एक वाक्य बोल. मेलं एक वाक्य."

मी बच्चीकडं गेलो. त्यानं मला बसवलं, चहा दिला. माझ्यावर घात नव्हता.

"मास्साब, मी म्हणेन की. पन्नास वेळा म्हणेन. बाजारात म्हणेन, पंचायतीत म्हणेन. पण गोलज्यूसमोर 'माझं चुकलं' म्हटलं तर ते चुकलेलं काढावं लागतं. देवासमोर कबूल करून ठेवलं आणि वर चार मजले तसेच उभे, हे चालेल का? माझ्याही घरात पोरं आहेत."

"मग?"

"मग काय. नाही तर खिमदानं म्हणावं की त्याचं चुकलं."

हे मी खिमदाला सांगितलं. तो दुर्बिणीची काच पुसत होता, रोजच्यासारखी.

"म्हणतो की," तो म्हणाला. "काय चुकलं म्हणून सांगू? हिमाल दिसत होता, हे चुकलं?"

पनुली रडली नाही. तिनं दुर्बिणीभोवतीची शाल काढून घेतली आणि नातीसाठी कापली. दुर्बीण आता खताच्या पोत्यात जाते-येते.

खिमदा अजून येतो. हंगामात दिवसाला पंधरा-वीस गाड्या थांबतात, कारण यादीत नाव आहे. माणसं उतरतात, कठड्याला टेकतात, हॉटेलची मागची बाजू बघतात, वाळत घातलेल्या चादरी बघतात.

"काका, काय दिसतं इथून?"

"काही नाही, साहेब."

"मग दुर्बीण कशाला?"

"बापाची आहे."

कुणी फारच आग्रह केला तर तो लावून देतो आणि पैसे घेत नाही. दर्शनस्थळ दोनच्या माणसानं त्याला एकदा समजावलं, "खिमदा, चादरी दाखव. म्हणावं, नटी उतरलीय, तिच्या आहेत." खिमदानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशीही त्यानं कुणाला काही दाखवलं नाही.

मागच्या महिन्यात माझ्या खिडकीवर त्याच्या नावचं सरकारी पाकीट आलं. मीच नेऊन दिलं. ओळखपत्राचं नूतनीकरण झालं होतं, आणखी पाच वर्षांसाठी. फोटो नवा, वय नवं, बाकी मजकूर तोच. श्रेणी दोन. वर्तन समाधानकारक. दृश्य शिखरे : सात.

खिमदानं ते वरच्या खिशात ठेवलं आणि मला म्हणाला, "बघा एकदा, पोस्टमास्साब. आलाच आहात तर बघा."

मी डावा डोळा लावला, उजवा मिटला. टाकीवर 'दोन हजार लिटर' असं लिहिलेलं आहे. साफ वाचता येतं.