भर दुपारची सायकल

डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि रोज तासभर चालत जा म्हणाले. मला चालायचा मनस्वी कंटाळा. चालताना डोक्यात नको ते विचार येतात. त्यापेक्षा सायकल बरी, असं मी तिथल्या तिथे म्हणून टाकलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला माळ्यावरची सायकल आठवली.

ती माझ्या धाकट्या भावाची. एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, अंगठ्याएवढे टायर. उजाडायच्या आत तो तिच्यावरून हायवेने सोनगीरपर्यंत जायचा आणि चहाला परत यायचा. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ती रोज दिसायला नको म्हणून मीच सायकल माझ्या घरी आणून ठेवली. पुढे काचबिंदूने आबांची दृष्टीच गेली, त्यामुळे ती काळजी उरली नाही.

पण पन्नाशीच्या चित्रकलेच्या बाईने त्या हँडलवर ओणवं होऊन धुळ्यातून जायचं म्हणजे शाळेतल्या पोरांना वर्षभराची करमणूक. म्हणून ठरवलं, हिला जुन्या वळणाची करायची. लहानपणी आमच्या गल्लीत पोस्टमन ज्या सायकलवर पाठ ताठ ठेवून यायचा, तशी.

दोन महिने माझा जीव त्यात रमला. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी शिंगं काढून रुंद, उभं हँडल बसवलं. स्प्रिंगची चामडी सीट जळगावच्या जुन्या बाजारातून मी स्वतः शोधून आणली. वर मडगार्ड, चेनकव्हर, डायनामोचा दिवा, पितळी घंटी. फ्रेम मी अंगणात बसून पॉलिश पेपरने घासली, बाटलीसारखा हिरवा रंग दिला आणि त्यावर ब्रशने सोनेरी रेघा ओढल्या. रेघ एकदाही हलली नाही. भावाची म्हणाल तर नुसती फ्रेम उरली आणि मागचं चाक. मिस्त्री म्हणाले, ‘ताई, फ्रीव्हील बेस आहे, बदलायचं काम नाही.’ मीही हो म्हटलं. तिथे चूक झाली, हे तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

आबा नदीपलीकडे आमच्या जुन्या घरी एकटे राहतात. माझ्याकडे या म्हटलं की मान हलवतात. दोन वर्षं मी सकाळची शाळा सुटली की स्कूटीवरून त्यांचा डबा घेऊन जात होते. फाटक उघडं असायचं, गल्लीतली गाय आत येऊन कुंड्यांतली झाडं खात असायची आणि मी गाडी लावतानाच ओरडायचे, ‘आबा, किती वेळा सांगितलं फाटकाची कडी लावत जा!’ आबा ओट्यावरच्या खाटेवर बसलेले असायचे. ‘हं’ म्हणायचे. डबा खाऊन झाला की आणखी एक ‘हं’. दोन वर्षांत ते माझ्यासाठी एकदा उठून फाटकापर्यंत आले नाहीत. मीही आंधळ्या माणसाकडून तशी अपेक्षा ठेवली नाही, असं म्हणायचे तरी.

सायकलवरून पहिल्यांदा गेले तो चैत्रातला दिवस होता. भर दुपार. आमच्याकडे त्या वेळेला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आबांच्या गल्लीला वळणापासून घराकडे उतार आहे. वळणावर मी पाय थांबवले आणि सायकल आपोआप चालू लागली. मागच्या चाकातून बारीक, घाईघाईचा कट्कट् कट्कट् आवाज निघाला. गल्लीत दुसरा आवाजच नव्हता.

फाटकात आबा उभे होते.

‘उना का भाऊ?’ ते म्हणाले. आला का. ‘आज उशीर व्हयना रे. ऊन कितलं शे.’

आबांची उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. कुठल्या गाडीचं काय वाजतंय ते डोळे मिटून सांगायचे. आता डोळे गेलेच होते. सगळी सायकल मी बदलली होती. त्यांनी चाक ओळखलं.

आई म्हणायची, भर दुपारी कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. मी दिली नाही. ती हाक मला नव्हतीच. आबांनी हात पुढे केला. माझ्या उभ्या हँडलच्या कितीतरी खाली, जिथे ती शिंगं असायची, तिथे हवेत त्यांची मूठ वळली. आणि सापडल्यासारखी तिथेच राहिली. मूठ सोडून ते आत वळले, तशी मी सायकल भिंतीला टेकवली, थोडा वेळ थांबले आणि मग डबा वाजवत, कडीवरून ओरडत आत गेले. आबा खाटेवर बसले होते. ‘हं,’ म्हणाले.

हे रोज होऊ लागलं. मी मुद्दाम वेळ बदलून पाहिली. आबा फाटकात असायचेच. मी मुकाट उभी राहायचे आणि ते त्याच्याशी बोलायचे. पाण्याबद्दल, गुडघ्याबद्दल, आईच्या हातच्या कळण्याच्या भाकरीबद्दल. माझ्या वाट्याला दोन वर्षांत आलं नसेल इतकं बोलणं तो दोन मिनिटांत घेऊन जायचा. मेलेल्या भावाचा हेवा वाटतो का माणसाला? मला वाटला. जिवंत मी होते, भाकरी मी थापत होते, आणि फाटकात मान त्याला.

पाचव्या दिवशी आबा आवाज खाली आणून म्हणाले, ‘अक्का रोज येस. डबा आनस. पन माले तिनं भेव वाटस. तू गया, आनि ती हासनं भुली गयी.’

भावाने मला अक्का म्हणायला सुरुवात केली आणि मग आबाही म्हणू लागले, ती अक्का मी. माझी भीती वाटते, असं माझा बाप माझ्याच पुढ्यात उभा राहून सांगत होता. त्या दिवशी मी ओरडले नाही. डबा ठेवला आणि निघून आले.

घरी न जाता थेट मिस्त्रींकडे गेले. म्हटलं, हा आवाज बंद करा. ते म्हणाले, ‘चांगलं वाजतंय ताई, कशाला?’ मी म्हटलं, कशाला ते विचारू नका. त्यांनी चाक काढलं आणि फ्रीव्हीलमध्ये जाड ग्रीस ठासून भरलं. चाक हातात फिरवून दाखवलं. मुकं. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. आता फाटकात कोणी यायचं नाही. त्याच्यासाठी नाही आणि माझ्यासाठी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी वळणावर पाय थांबवले. सायकल उतारावरून चालली, पण माझ्याच श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पायात चपला नसाव्यात तशी सायकल जात होती.

फाटकात आबा उभे होते.

तोंड माझ्याकडे नव्हतं. माझ्या खांद्यावरून थोडं मागे, गल्लीच्या वळणाकडे होतं. मग त्यांनी मान वळवली, नेमकी माझ्याकडे, आणि हसले.

‘आज दोन्ही उनात का?’ म्हणाले. ‘या. दोन्ही या.’

मी मागे वळून पाहिलं. गल्ली रिकामी होती, डांबरावर ऊन थरथरत होतं. मी कान देऊन ऐकलं. खरं सांगते, ऐकू यावं म्हणून ऐकलं.

आबा वाट द्यायला बाजूला झाले, पाठ खांबाला लावून. मी सायकल हातात धरून त्यांच्या पुढून आत गेले. ते तसेच उभे राहिले. जेवढा वेळ मला लागला तेवढाच आणखी वेळ. मग ते चाचपडत कडी शोधू लागले. दोन वर्षं ओरडत होते मी त्या कडीसाठी.

‘कडी लावू ना, अक्का?’ त्यांनी विचारलं.

मी परत फिरून त्यांचा हात कडीवरून काढला आणि माझ्या हातात घेतला.

‘राहू द्या आबा,’ मी म्हटलं. ‘येवू द्या त्याले.’