गोल कोपऱ्यांची गल्ली

गल्ल्या सरकार गिळतं, असं तुम्हालाही वाटतं ना? मीही घसा फोडून तशी भाषणं ठोकली आहेत. मग आमच्या मच्छीमार वस्तीतल्या म्हाताऱ्या गवंड्यानं मला गप्प केलं. "ओरडू नकोस गं पोरी. ही गल्ली मी बुजवली."

त्यांना सगळे ओळंबाकाका म्हणतात. पाठ वाकलीय, पण त्यांनी उभी केलेली भिंत अजून सुतात आहे. तरुणपणी पाया आखताना काका हातात वल्हं घ्यायचे. समोरासमोरच्या घरांमध्ये ते आडवं मावून दोन्ही टोकांना वीतभर जागा उरली पाहिजे. कारण समुद्र खवळला की होड्या गल्लीतून ओढत थेट दारापर्यंत आणायच्या. होडीची कड अडकू नये म्हणून घरांचे कोपरे कमरेच्या उंचीपर्यंत गोल घडवायचे.

मग इंजिनं आली, धक्का झाला, होड्या तिथेच राहू लागल्या. काकांची थोरली बहीण म्हणाली, "भिंत हातभर पुढे घे रे, सून येतेय, स्वयंपाकघर पुरत नाही." घेतलं. बहिणीला दिलं, मग शेजाऱ्यांना नाही कसं म्हणणार? आज तिथून माणूस अंग चोरून आडवा जातो. काकांच्या ओट्यावरून पाणी दिसायचं. आता समोर त्यांचीच भिंत. "तीस वर्षं झाली, अंगाला वारा नाही," म्हणतात.

आता किनाऱ्याला संरक्षक भिंत येतेय. नकाशात जिथे गल्ली, तिथेच भिंतीला वाट. आमची गल्ली नकाशात नाही. काकांना घेऊन कचेरीत गेले.

"पुरावा?" साहेबांनी विचारलं.

"मीच की. मीच बुजवली."

"आजोबा, तक्रार करताय की गुन्हा कबूल करताय?"

कचेरी हसली. मी टेबलावर हात आपटला. काकांनी मला खाली बसवलं. "जुने कोपरे दाखवले तर?"

"समोरासमोरचे दोन दाखवा. मोजून नकाशात घेतो."

बहिणीकडे गेलो, तर ती उसळलीच. "तेव्हा थापी तुझ्या हातात होती, माझ्या नाही! आता माझी चूल मोडतोस?" काकांसमोरचा चहा निवून गेला. शेवटी तीच म्हणाली, "ह्यांची होडी दाराशी घासली की मला आतूनच कळायचं, आले म्हणून. पुढं ते धक्क्यावरून यायला लागले, तर नुसतं बसून वाट बघायची." उठून फडताळ रिकामं करू लागली. "फोड. पण धूळ तू झाडायचीस."

प्लास्टर पडलं आणि भिंतीत गाडलेला गोल कोपरा निघाला. काकांनी त्यावर हात ठेवला, तो काढेचनात.

दुसरा कोपरा समोरच्या घरात, आणि त्याला बारा वर्षं कुलूप. मालक म्हणजे जाळी विणणाऱ्या आजीचा धाकटा मुलगा, गालावर भाजल्याचा डाग असलेला. आजी गेल्यावर शहरात गेला; पत्ता कुणाकडे नाही. कुलूप तोडूया म्हटलं, तर काका माझ्यावरच भडकले. "चोरासारखं घुसून गल्ली नको मला." महिनाअखेर नकाशा पक्का होतोय.

भाऊ, हे तू वाचत असशील तर किल्ली पाठव. तुझंही घर हातभर कमी होईल, खोटं कशाला सांगू? आणि बाकीच्यांनो, तुमच्यापैकी कुणी त्याला ओळखत असेल, तर आजच त्याला फोन लावा.