‘पुरे आता’पर्यंत

मनाच्या आजारांवरच्या आमच्या संशोधन केंद्रात मुलाखती घेणारे मिरवायचे. त्या मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणाऱ्या बाईंकडे कुणी ढुंकून पाहत नसे. दिवसभर कानाला हेडफोन, म्हणून आम्ही त्यांना कानसेनबाई म्हणायचो. मीही म्हणायचो, आता लाज वाटते. अकरा वर्षं जिन्याखालच्या खोलीत बसून त्यांनी लोकांचं रडणं कागदावर उतरवलं. हुंदका आला की कंसात ‘हुंदका’ लिहायचं, कुणी गप्प झालं की सेकंद मोजायचे, असा नियम. डबाही एकट्याच खायच्या. घरी तरी कोण होतं?

एकदा मुलगा गमावलेल्या एका आजोबांची मुलाखत त्यांच्याकडे आली. बाविसाव्या मिनिटाला आजोबा म्हणाले, "पुरे आता." मुलाखत घेणारीने आवाज मऊ केला आणि आणखी सहा प्रश्न विचारले. आजोबा बिचारे उत्तरं देत राहिले.

बाईंनी सगळं ऐकलं, पण ‘पुरे आता’पर्यंतच टाइप केलं. खाली लिहिलं: मुलाखत इथे संपली.

केंद्राचे प्रमुख डॉक्टरसाहेब भडकले. "बाई, संमतिपत्रावर सही आहे त्यांची! खरी माहिती तर पुढेच आहे."

"त्याच कागदावर लिहिलंय, कधीही थांबता येईल. ते थांबले होते, साहेब. आपण थांबलो नाही."

"नोकरी नकोय का तुम्हाला?"

"हवी आहे." बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "पण हे मी टाइप करणार नाही. आधी त्यांना विचारा."

साहेब धुसफुसले, पण त्यांनाही कुठेतरी टोचलं असावं. दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते आजोबांची माफी मागायला गेले. चूक कुणी दाखवून दिली तेही सांगितलं, एवढा मोठेपणा त्यांचा.

"पुढचं पुसून टाका," आजोबा म्हणाले. निघताना दाराशी त्यांनी माझा हात धरला. "त्या बाईंना हे सगळं ऐकावं लागलं. त्या बऱ्या आहेत ना? त्यांच्याजवळ कुणी असतं का?"

मी जिन्याखाली जाऊन निरोप जसाच्या तसा सांगितला.

"माझी चौकशी केली त्यांनी?" बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. अकरा वर्षांत आमच्यातल्या एकानेही केली नव्हती.

"काय कळवू?" मी विचारलं.

"बरी आहे म्हणावं." मी वळलो तशी त्यांनी हाक मारली. "थांबा. त्यांना खोटं नका सांगू. कुणी नसतं म्हणावं."